विंडोज आणि लिनक्स यांच्यात होम फोल्डरातील फाइली सामायिक ठेवताना वारंवार तुटणारे दुवे : समस्या निवारण

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन प्रणाली असतात, दोन्हींना वाचता-लिहिता येईल असे एक तिसरे पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) असते आणि लिनक्सच्या होम फोल्डरातील कागदपत्रे, चित्रे, डाउनलोड यांच्या जागी त्या पार्टिशनकडे नेणारे दुवे ठेवलेले असतात. ही मांडणी काही आठवडे सुरळीत चालते. मग एके सकाळी लिनक्स सुरू केल्यावर सारे दुवे तुटलेले दिसतात, किंवा फोल्डर उघडतो पण फाइल जतन करताना ‘केवळ वाचनासाठी’ असा संदेश येतो, किंवा डेस्कटॉपवर अचानक संपूर्ण होम फोल्डरातील सामान पसरलेले दिसते. संगणक पुन्हा सुरू केला की कधी सगळे जागेवर येते, कधी येत नाही. जागेवर आले तर दुरुस्ती झाली असे वाटते आणि महिन्याभराने तीच अडचण पुन्हा समोर येते.

माझ्या कामात ही मांडणी टाळता येत नाही. युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेला मजकूर आणि पेजमेकरमध्ये लावलेली पाने उघडायला विंडोज लागते; बाकीचे संपादन, छायाचित्रांची निवड आणि साठवण मी लिनक्सवर करते. दिवाळी अंकाच्या दिवसांत एकच फाइल दिवसातून तीन-चार वेळा या प्रणालीतून त्या प्रणालीत जाते. अशी मांडणी मी स्वतःच्या आणि काही सहकाऱ्यांच्या संगणकांवर लावून दिली, ती मोडलेली पाहिली, पुन्हा लावली. त्यातून एक नियम माझ्यापुरता पक्का झाला आहे : सामायिक पार्टिशनवर केवळ फाइली असाव्यात, तिथे एकही दुवा नसावा, दुवे लागतील तिथे प्रत्येक प्रणालीने ते आपापल्या होम फोल्डरात ठेवावेत. या नियमामागची कारणे पुढे ओघाने येतील.

येथे आदेश आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावेत आणि अंकही रोमन घ्यावेत.

दुवा तुटला आहे की पार्टिशन जोडलेले नाही?

लिनक्समधल्या अशा दुव्याला सिमलिंक म्हणतात आणि तो म्हणजे केवळ लिहून ठेवलेला पत्ता असतो. तो उघडताना लिनक्स त्या पत्त्यावर जाऊन पाहते. तिथे काही सापडले नाही तर दुवा तुटलेला दिसतो, पण खुद्द दुव्यात काहीही बदललेले नसते. म्हणून दुवा पुसून नवा करण्याची घाई करू नये. बहुतेक जण आधी तेच करतात आणि त्या गडबडीत मूळ कारणाचा माग हरवतो.

टर्मिनल उघडून ‘एलएस’ या आदेशाला ‘-एल’ हा पर्याय जोडून होम फोल्डराची यादी पाहावी. प्रत्येक दुव्यापुढे बाण आणि त्यापुढे त्याचा पत्ता दिसतो. तो पत्ता टिपून घ्यावा आणि मग ‘फाइंडएमएनटी’ हा आदेश द्यावा. सध्या कोणते पार्टिशन कुठे जोडलेले (माउंट केलेले) आहे, ते कोणत्या चालकामार्फत (ड्रायव्हरमार्फत) जोडलेले आहे आणि त्यावर लिहिता येते की नाही, हे तिन्ही त्याच्या उत्तरात मिळते. सामायिक पार्टिशन या यादीत नसेलच तर ते जोडले गेलेले नाही; असेल, पण पर्यायांच्या रकान्यात ‘आरडब्ल्यू’ऐवजी ‘आरओ’ असेल तर ते केवळ वाचनासाठी जोडले गेले आहे; आणि ‘आरडब्ल्यू’ असूनही दुवा तुटलेला असेल तर जोडणीची जागा आणि दुव्यातला पत्ता यांत फरक पडला आहे. या तीन गोष्टींची कारणे वेगळी आहेत, त्यामुळे आधी आपली गोष्ट कोणती ते ठरवावे.

तिसरा प्रकार सर्वांत सोपा असून नवख्या माणसाला सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. फाइल व्यवस्थापकात डाव्या बाजूला पार्टिशनच्या नावावर टिचकी दिली की ते जोडले जाते. उबुंटूमध्ये ते ‘/मीडिया’ या फोल्डराखाली आणि फेडोरामध्ये ‘/रन/मीडिया’ या फोल्डराखाली, वापरकर्त्याच्या नावाच्या आत येते. त्या वेळी दुवे तयार केले तर ते त्या पत्त्याकडे बोट दाखवतात. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाल्यावर टिचकी देईपर्यंत त्या पत्त्यावर काहीच नसते. त्यातच, संगणक अचानक बंद पडल्याने त्या नावाचा रिकामा फोल्डर मागे राहिला असेल तर पार्टिशन पुढच्या वेळी नावाशेवटी १ जोडून दुसऱ्याच फोल्डरात येऊ शकते. मग पार्टिशन जोडलेले आहे, फाइली दिसत आहेत आणि तरी दुवे तुटलेले आहेत, अशी अवस्था होते.

यावर उपाय म्हणजे टिचकीवर अवलंबून न राहता संगणक सुरू होतानाच, ठरलेल्या जागी, पार्टिशन जोडले जाईल अशी व्यवस्था करणे. त्यासाठी ‘/एमएनटी’ या फोल्डरात ‘सामायिक’ अशा अर्थाचा एक रिकामा फोल्डर करावा. नाव रोमन अक्षरांत, एका शब्दात आणि जागा न सोडता ठेवावे. मग ‘एलएसबीएलके’ आदेशाला ‘-एफ’ जोडून पार्टिशनची यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, पाहावी आणि ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलीत एक ओळ लिहावी. या ओळीत सहा रकाने असतात : यूयूआयडी, जोडणीची जागा, फाइल-पद्धत (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत), पर्याय आणि शेवटी दोन अंक, जे इथे शून्य ठेवावेत. पार्टिशनची ओळख त्याच्या ‘एसडीए३’सारख्या नावाने कधीही लिहू नये, कारण एखादा पेनड्राइव्ह किंवा दुसरी डिस्क लावलेली असताना ही नावे बदलू शकतात, यूयूआयडी पार्टिशन पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही.

पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द अवश्य घालावा. तो नसेल आणि पार्टिशन काही कारणाने सापडले नाही तर संगणक सुरू होताना ९० सेकंद थांबतो आणि नंतर आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर येऊन उभा राहतो. ही ओळ लिहिल्यावर लगेच संगणक पुन्हा सुरू करू नये. आधी ‘माउंट -ए’ हा आदेश देऊन चूक येते का ते पाहावे. टंकनातली चूक इथे दोन मिनिटांत सुधारता येते.

‘एलएसबीएलके’च्या उत्तरात फाइल-पद्धतीच्या जागी एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीऐवजी बिटलॉकर असे दिसले तर पार्टिशन कूटबद्ध आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर ही कूटबद्धता मुळातच चालू असते. सामायिक पार्टिशनपुरती ती विंडोजमधून काढावी, किंवा लिनक्समध्ये दर वेळी परवलीचा शब्द देऊन पार्टिशन उघडण्याची तयारी ठेवावी.

एक सापळा मात्र फार कमी ठिकाणी सांगितलेला आढळतो. पार्टिशन जोडले गेले नाही तरी ‘/एमएनटी’मधला तो रिकामा फोल्डर तिथेच असतो. एखाद्या कार्यक्रमाला प्रशासकाचे अधिकार असतील, उदाहरणार्थ रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपला, तर तो त्या रिकाम्या फोल्डरात निमूटपणे फाइली लिहितो. पुढच्या वेळी पार्टिशन जोडले गेले की त्या फाइली त्याच्याखाली झाकल्या जातात आणि नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. त्या हरवलेल्या नसतात. पार्टिशन सोडवले (अनमाउंट केले) की पुन्हा दिसतात. हे होऊ नये म्हणून पार्टिशन जोडलेले नसताना त्या रिकाम्या फोल्डरावर ‘सीएचएटीटीआर +आय’ हा आदेश चालवावा. त्यानंतर त्या फोल्डरात प्रशासकालाही काही लिहिता येत नाही, पण त्यावर पार्टिशन जोडण्यास अडथळा येत नाही. एका सहकाऱ्याच्या दोन आठवड्यांच्या छायाचित्रांचा बॅकअप असा झाकला गेलेला मी पाहिला आहे. तेव्हापासून मी हे पाऊल कधीही वगळत नाही.

पार्टिशन केवळ वाचनासाठी जोडले जाते

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये ‘जलद प्रारंभ’ नावाची सोय आहे आणि बहुतेक संगणकांवर ती आपोआप चालू असते. ती चालू असताना आपण ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. वापरकर्त्याचे कार्यक्रम बंद होतात, पण प्रणालीच्या गाभ्याची (कर्नलची) त्या क्षणीची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. त्या स्थितीत एनटीएफएस पार्टिशनांबद्दलची माहितीही असते. मधल्या काळात लिनक्सने त्या पार्टिशनवर काही लिहिले तर विंडोजच्या स्मरणात असलेले चित्र आणि डिस्कवरचे वास्तव जुळत नाही आणि फाइली खराब होऊ शकतात. म्हणून लिनक्सचा एनटीएफएस-३जी हा चालक असे पार्टिशन सापडले की लिहिण्यास नकार देतो आणि ते केवळ वाचनासाठी जोडतो. त्याचा हा नकार आपल्या फाइलींच्या रक्षणासाठी आहे, हे आधी मनावर घ्यावे, कारण यावर सुचवले जाणारे अनेक उपाय तो नकार बळजबरीने मोडायला सांगतात.

इथे चालक कोणता आहे त्यावर लक्षण बदलते आणि म्हणूनच दोन माणसे एकाच कारणाचे दोन वेगळे अनुभव सांगतात. ‘फाइंडएमएनटी’च्या उत्तरात ‘फ्यूजबीएलके’ असे दिसले तर जुना एनटीएफएस-३जी वापरात आहे. २०२१ साली लिनक्सच्या ५.१५ या आवृत्तीपासून गाभ्यातच एनटीएफएस३ नावाचा नवा चालक आला. पार्टिशनवर ‘नीट बंद झाले नाही’ अशी खूण असेल तर हा नवा चालक ते लिहिण्यासाठी जोडायलाच नकार देतो. परिणामी एकाला फोल्डर दिसतो पण लिहिता येत नाही. दुसऱ्याला दुवेच तुटलेले दिसतात. दोघांनीही आधी विंडोजकडेच पाहायला हवे.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्स उघडून, पॉवरचे बटण काय करते ते ठरवण्याच्या पानावर ‘जलद प्रारंभ’पुढची खूण काढावी. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आदेश-खिडकी उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ हा आदेश देणे. याने हायबरनेशन, म्हणजे चालू स्थिती डिस्कवर जतन करून संगणक बंद करण्याची सोयच, बंद होते आणि त्यावर उभा असलेला जलद प्रारंभही बंद होतो. विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर ही मांडणी एकदा पुन्हा तपासावी. एखाद्याला हायबरनेशन हवेच असेल तर लिनक्सकडे जाताना ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडावे, किंवा शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करावे. या दोन्ही वाटांनी विंडोज खरोखर पूर्ण बंद होते. ‘रीस्टार्ट केले की चालते आणि बंद करून चालू केले की चालत नाही’ हे कोडे अनेकांना पडते, त्याचे उत्तर हेच आहे.

हे करूनही ‘आरओ’ जात नसेल तर पार्टिशनवर जुन्या बिघाडाची खूण शिल्लक असते. ती काढायला विंडोजमध्येच ‘चेकडिस्क’ (टंकताना ‘सीएचकेडीएसके’) चालवावे आणि त्याला ‘/एफ’ हा पर्याय द्यावा. लिनक्समध्ये ‘एनटीएफएसफिक्स’ नावाचा आदेश आहे आणि तोच पहिला उपाय म्हणून सुचवला जातो, पण तो ‘चेकडिस्क’ची जागा घेत नाही : तो काही ठरावीक विसंगती सुधारतो, फाइल-पद्धतीची नोंदवही (जर्नल) रिकामी करतो आणि विंडोज पुढच्या वेळी सुरू होईल तेव्हा तपासणी व्हावी अशी खूण करून ठेवतो. विंडोज उपलब्ध असताना त्याचा आधार घेऊ नये. ‘रिमूव्ह_हायबरफाइल’ हा पर्याय तर मी कुणालाच सुचवत नाही. तो विंडोजची जतन केलेली स्थिती पुसून टाकतो, आणि त्या स्थितीत कुणाचा न जतन केलेला मजकूर असेल तर तो कायमचा जातो.

डेस्कटॉपवर सगळे होम फोल्डर का पसरते?

हे लक्षण पाहून लोक सर्वांत जास्त घाबरतात, पण यात एकही फाइल हललेली नसते. लिनक्समधील डेस्कटॉप, कागदपत्रे, चित्रे हे फोल्डर नेमके कुठे आहेत याची नोंद होम फोल्डरातील ‘.कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात ‘यूझर-डर्स.डर्स’ नावाच्या फाइलीत असते. लॉग-इन होताना एक छोटा कार्यक्रम ही नोंद तपासतो आणि एखादा फोल्डर जागेवर सापडला नाही तर त्याचा पत्ता बदलून थेट होम फोल्डराचा करून टाकतो. सामायिक पार्टिशन एकदाच, एकाच सकाळी, जोडले गेले नाही तरी ही नोंद बदलते. दुसऱ्या दिवशी पार्टिशन व्यवस्थित जोडले गेले तरी नोंद मात्र बिघडलेलीच राहते. मूळ कारण नाहीसे झाले तरी लक्षण उरते, म्हणून याचा संबंध पार्टिशनशी आहे हे लवकर लक्षात येत नाही.

त्या फाइलीतील पत्ते हाताने पूर्ववत करावेत. नंतर त्याच ‘.कॉन्फिग’ फोल्डरात ‘यूझर-डर्स.कॉन्फ’ नावाची फाइल करून तीत ‘एनेबल्ड=फॉल्स’ एवढी एक ओळ लिहावी. त्यानंतर तो कार्यक्रम नोंदींना हात लावत नाही. खुद्द डेस्कटॉपचा फोल्डर सामायिक करू नये असेही माझे मत आहे. विंडोजच्या डेस्कटॉपवर तिथल्या कार्यक्रमांचे शॉर्टकट असतात, ते लिनक्समध्ये निरुपयोगी ठरतात, आणि उलट बाजूनेही तसेच होते.

सामायिक पार्टिशनवर दुवा का ठेवू नये?

विंडोजमध्ये ‘दुवा’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू येतात. पहिली म्हणजे शॉर्टकट, म्हणजे ‘.एलएनके’ या शेपटीची साधी फाइल. तिचा अर्थ एक्सप्लोररला कळतो, फाइल-पद्धतीला नाही. लिनक्सला ती केवळ एक छोटी फाइल वाटते. दुसरी वस्तू जंक्शन, जी विंडोज २००० पासून आहे आणि केवळ फोल्डरांसाठी चालते. तिसरी खरीखुरी सिमलिंक, जी विंडोज व्हिस्टापासून आली आणि जी तयार करायला बराच काळ प्रशासकाचा अधिकार लागत असे. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘डेव्हलपर मोड’ चालू केल्यास तो लागत नाही.

जंक्शनमध्ये पत्ता ‘सी:’ किंवा ‘डी:’ अशा ड्राइव्हच्या अक्षरापासून लिहिलेला असतो. लिनक्समध्ये ड्राइव्हची अक्षरे नसतात. त्याच पार्टिशनवरचा पत्ता असेल तर एनटीएफएस-३जी चालक तो लावून घेतो; दुसऱ्या पार्टिशनवरचा असेल तर त्याला तो लागत नाही. उलट दिशेने अडचण अधिक मोठी आहे. एनटीएफएस-३जी मार्फत सामायिक पार्टिशनवर तयार केलेली सिमलिंक परंपरेने इंटरिक्स या जुन्या पद्धतीने लिहिली जाते. लिनक्सला ती दुवा म्हणून दिसते, पण विंडोजला ती काही बाइटांची, प्रणालीची म्हणून खूण असलेली एक निरर्थक फाइल वाटते. कुणी ती सफाई करताना पुसली तर लिनक्समधला दुवा गेला.

म्हणून लिनक्सचे दुवे लिनक्सच्या होम फोल्डरात राहू द्यावेत आणि विंडोजमध्ये दुवा करूच नये. विंडोजला आपले डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे फोल्डर दुसरीकडे हलवण्याची स्वतःची सोय आहे. फोल्डरावर उजवी टिचकी देऊन प्रॉपर्टीज उघडावी आणि लोकेशनच्या पानावर नवा पत्ता द्यावा. वनड्राइव्हचा फोल्डर-बॅकअप चालू असेल तर तो आधी थांबवावा, कारण तोही याच फोल्डरांचा पत्ता आपल्याकडे वळवतो. शिवाय वनड्राइव्हमध्ये ज्या फाइली केवळ मेघावर आहेत, त्या लिनक्समधून उघडत नाहीत. पार्टिशनवर त्यांची जागा राखणारी खूण तेवढी असते.

तरीही कुणाला दोन्हीकडे हाताने दुवे करायचेच असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. लिनक्सच्या ‘एलएन -एस’ या आदेशात आधी मूळ फोल्डराचा पत्ता येतो आणि नंतर दुव्याचे नाव. विंडोजच्या ‘एमकेलिंक’मध्ये क्रम नेमका उलटा आहे, आधी दुव्याचे नाव आणि नंतर मूळ पत्ता. दोन्ही प्रणालींत रोज वावरणाऱ्याच्या हातून ही चूक होतेच.

कार्यक्रमांच्या मांडणीचे लपलेले फोल्डर, म्हणजे ‘.कॉन्फिग’सारखे, दोन प्रणालींत सामायिक करू नयेत. उबुंटू, फेडोरा अशा दोन वेगवेगळ्या लिनक्स वितरणांत एकच ‘/होम’ वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. नव्या आवृत्तीने बदललेली मांडणी जुन्या आवृत्तीला वाचता येत नाही. फायरफॉक्सने तर २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून जुन्या आवृत्तीला नवे प्रोफाइल उघडू न देण्याची तजवीजच केली आहे. अशा दोन लिनक्समध्ये वापरकर्त्याचे नाव सारखे असून भागत नाही. फाइलीवर मालकाचे नाव नसते, त्याचा क्रमांक असतो. ‘आयडी -यू’ हा आदेश दोन्हीकडे देऊन तो क्रमांक एकच आहे याची खात्री करावी. आजच्या बहुतेक वितरणांत पहिला वापरकर्ता १००० असतो, तर मॅकओएसमध्ये तो ५०१ असतो, म्हणून मॅकवरून आलेल्या डिस्कवर परवानगी नाकारल्याचा संदेश येतो.

एनटीएफएसवर लिनक्सचे मालक आणि परवानग्या सहसा साठवल्या जात नाहीत; ‘एफएसटॅब’च्या ओळीत ‘यूआयडी=१०००’, ‘जीआयडी=१०००’ आणि ‘यूमास्क=०२२’ असे पर्याय देऊन त्या सर्व फाइलींना सरसकट लावाव्या लागतात. त्यामुळे प्रत्येक फाइल चालवता येण्याजोगी दिसते आणि गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचे भांडार तिथे ठेवले तर सगळ्या फाइली बदलल्या आहेत असे गिट सांगू लागते. अशा वेळी त्या भांडारापुरते ‘कोअर.फाइलमोड’ हे ‘फॉल्स’ करावे. खरे तर प्रोग्रामिंगचे प्रकल्प सामायिक पार्टिशनवर ठेवूच नयेत. नोडचे ‘नोड_मॉड्यूल्स’ आणि पायथनची आभासी वातावरणे यांच्या पोटात लिनक्सवर सिमलिंका असतात, आणि अशा सिमलिंका विंडोजला वाचता येत नाहीत.

देवनागरी नावांचे प्रश्न

हा भाग मराठीत काम करणाऱ्यांनाच भोवतो, म्हणून थोडा सविस्तर लिहिते. फाइलीच्या नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, तारका, उभा दंड, कोनी कंस आणि दोन्ही तिरप्या रेघा विंडोज चालू देत नाही. लिनक्सला यांपैकी केवळ पुढे झुकलेली रेघ वर्ज्य आहे. आपल्याकडे विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची सवय खोल रुजलेली आहे. ‘स्वत:’, ‘दु:ख’, ‘अंत:करण’ हे शब्द कितीतरी जण असेच टंकतात. असे नाव लिनक्समध्ये बिनदिक्कत जतन होते आणि विंडोजमध्ये गेल्यावर फाइल उघडत नाही, पुसता येत नाही, तिचे नावही बदलता येत नाही. खरा विसर्ग वेगळे चिन्ह आहे आणि तो विंडोजला चालतो. अडकलेल्या फाइलीचे नाव लिनक्समध्ये जाऊन बदलावे आणि पुढे असे घडू नये म्हणून एनटीएफएस-३जी चालकाला ‘विंडोज_नेम्स’ हा पर्याय द्यावा. मग वर्ज्य चिन्ह असलेले नाव लिनक्सच नाकारते.

दुसरा प्रश्न ‘ऱ’ या अक्षराचा आहे. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘कोऱ्या’ यांतील हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. आणि अनेक कळफलक ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरी वाट घेतात. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. लिनक्स आणि एनटीएफएस यांच्या लेखी मात्र ही वेगवेगळी नावे आहेत, त्यामुळे एकाच फोल्डरात दिसायला अगदी सारख्या नावाच्या दोन फाइली राहू शकतात आणि दुवा त्यांपैकी एकीकडेच जातो. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत नाव लिहितानाच एकसंध ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता केला जातो, त्यामुळे मॅकवरून परत आलेल्या फाइलींत हा घोळ हमखास असतो. ‘कन्व्हएमव्ही’ या साधनाला ‘एनएफसी’ हे युनिकोडचे एकसंध रूप मागितले तर नुक्त्याची नावे एकसंध होतात. अदृश्य जोडचिन्हाची नावे मात्र ते बदलत नाही. ती हातानेच पुन्हा टंकावी लागतात.

तिसरी मर्यादा लांबीची आहे. एनटीएफएसवर नावाला २५५ चिन्हांची मुभा आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीत मर्यादा २५५ बाइटांची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हे. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी चिन्हे वेगळी मोजली जातात. ‘तऱ्हा’ या छोट्या शब्दाचीच पाच चिन्हे आणि १५ बाइट होतात. लेखाचे पूर्ण शीर्षक, लेखकाचे नाव आणि तारीख असे सारे फाइलीच्या नावात लिहिण्याची पद्धत असेल तर ही मर्यादा लवकर ओलांडली जाते, आणि सामायिक पार्टिशनवरून होम फोल्डरात प्रत करताना ‘नाव फार लांब आहे’ असा संदेश येतो.

काही कार्यक्रमांना दुवा दिसतो, पण उघडत नाही

पार्टिशन जोडलेले आहे, दुवा बरोबर आहे, फाइल व्यवस्थापकात सगळे उघडते, पण एखाद्या कार्यक्रमातून त्या फोल्डरात जाता येत नाही, असे झाले तर तो कार्यक्रम स्नॅप किंवा फ्लॅटपॅक स्वरूपात बसवलेला आहे का ते पाहावे. असे कार्यक्रम कुंपणात चालतात. त्यांना होम फोल्डर खुला असला तरी होम फोल्डराबाहेर नेणारा दुवा ते ओलांडू शकत नाहीत. स्नॅपला ‘रिमूव्हेबल-मीडिया’ ही परवानगी दिली की त्याला ‘/एमएनटी’ आणि ‘/मीडिया’ दिसू लागतात. फ्लॅटपॅकला तो पत्ता स्वतंत्रपणे उघडून द्यावा लागतो.

दुसरा मार्ग ‘बाइंड’ जोडणीचा आहे. ‘एफएसटॅब’मध्ये आणखी एक ओळ लिहून सामायिक पार्टिशनवरचा फोल्डर थेट होम फोल्डरातील खऱ्या फोल्डरावर जोडता येतो आणि मग कार्यक्रमांना तो होम फोल्डराचाच भाग वाटतो. मी मात्र सिमलिंकलाच पसंती देते. मूळ पार्टिशन जोडले गेले नाही तर सिमलिंक तुटलेली दिसते आणि आपण सावध होतो. बाइंडच्या वेळी रिकामा फोल्डर उघडतो आणि आपण त्यातच लिहीत बसतो. बाइंड वापरायचेच असेल तर वर सांगितलेले ‘+आय’ त्या रिकाम्या फोल्डरावरही लावावे.

दोन प्रणालींतले घड्याळ साडेपाच तासांनी पुढे-मागे होत असेल तर तेही याच वेळी सुधारून घ्यावे. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ ठेवते. या फरकामुळे फाइलींवर पुढच्या वेळेचे शिक्के बसतात आणि नवी फाइल कोणती हे बॅकअपच्या कार्यक्रमाला कळत नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ हे मूल्य १ करून दोघांनाही जागतिक वेळेवर आणणे मला अधिक बरे वाटते.

दुरुस्ती झाल्यावर खात्री अशी करावी. विंडोजमध्ये सामायिक पार्टिशनवर एक फाइल उघडून तीत काही शब्द लिहावेत, जतन करावी आणि स्टार्ट मेनूतून नेहमीसारखे ‘शट डाउन’ करावे; ‘रीस्टार्ट’ करू नये, कारण त्याने जलद प्रारंभाचा दोष झाकला जातो. मग लिनक्स सुरू करून फाइल व्यवस्थापकाला हात न लावता आधी ‘फाइंडएमएनटी’मध्ये ‘आरडब्ल्यू’ पाहावे, नंतर दुव्यावरून तीच फाइल उघडून तीत भर घालावी. पुन्हा विंडोजमध्ये जाऊन भर दिसते का पाहावे. ही फेरी तीन दिवस, रोज एकदा करावी. चौथ्या दिवशीही ‘आरओ’ परत आले आणि ‘चेकडिस्क’ दर वेळी नव्या चुका दाखवत असेल तर दोष दुव्यांत किंवा प्रणालींत नाही, डिस्कमध्ये असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पुढचे प्रयोग थांबवून फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि मग ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची प्रकृती तपासावी.